चार दिवसांची कातडी

नऊ वर्षांची होते, घसा सुजला होता.
थुंकी गिळतानासुद्धा डोळ्यांत पाणी.
नोव्हेंबर; सूरोय बेटावर दुपारी तीनलाच दिवे लागलेले,
आई रूबार्बचा मुरंबा गरम पाण्यात ढवळून पाजायची,
आणि माझ्या आत, मला न विचारता,
तुम्ही जमलात.

जिंकलात म्हणे. आठवड्यात ताप उतरला.
पंधरवड्यानं पोटावर ठिपके उठले,
लाल शाईचा टाक कुणी झटकावा तसे.
आई म्हणाली, गोवर.
शाळेत म्हणाले, तिच्याशेजारी बसू नका.

आता चाळीस वर्षांनी डॉक्टर तुरी
तोर्शहावनच्या दवाखान्यात कागदावर वर्तुळं काढत सांगते:
त्या जंतूच्या अंगावर जी वीण होती
तशीच थोडीशी तुमच्या कातडीतही असावी.
असावी, ती म्हणते. पक्कं नाही.
आमच्या गावात स्वेटरच्या विणीवरून घर ओळखतात.
तुम्हीही तेच केलंत.
एवढंच, की मीही त्याच घरची निघाले.

इतरांची पेशी तळातून वर यायला महिना घेते,
वाटेत म्हातारी होते, निमूट गळते, कुणाला कळतही नाही.
माझी चार दिवसांत वर.
अर्धीकच्ची, धापा टाकत, एकीवर एक,
जिन्यात चेंगराचेंगरी.
आग, आग, असं तुम्हीच ओरडलात ना?

सामल रोज सकाळी चादर खिडकीबाहेर झटकतो.
एकदा शेजारीण खालून म्हणाली,
तुमच्याकडं बर्फ लवकर सुरू झालं यंदा.
तो हसला.
आठ दिवस मी त्याच्याशी बोलले नाही.

मासळीच्या कारखान्यात हातमोज्याची कड मनगटाला घासली,
दहा दिवसांनी नेमकी तिथंच रेघ, लाल, वर चंदेरी.
कुठं खरचटलं, कधी, किती,
सगळं तुमच्या वहीत.

कुंपणच शेत खातंय म्हणावं,
तर आमच्याकडं शेत कुठलं?
गवत, मेंढ्या, वारा.
आणि बाबांचा कुत्रा, त्रिग्गुर, म्हणजे भरवशाचा.
त्या वसंतात त्यानं डोमकावळ्यांपासून सात कोकरं राखली.
आठव्याला मेंढीनं जवळ घेतलं नाही,
आम्ही ते स्वयंपाकघरात बाटलीवर वाढवलं,
त्याला आमचा वास लागला, साबणाचा, चुलीचा.
कुरणात सोडलं तेव्हा त्रिग्गुरनं ते ओळखलं नाही.
बाबा त्याला नावेच्या शेडमागं घेऊन गेले,
एकटेच परतले,
जेवले नाहीत.

तुम्हाला कुठं नेऊ?
तुम्ही नसाल तर मी साध्या पडशानं जाईन.

म्हणून फ्रिजमध्ये, लोणी आणि सुक्या मटणाच्या मध्ये,
एक इंजेक्शन.
ते तुम्हाला मारत नाही.
तुम्ही एकमेकांना धाडता त्यातला एकच निरोप
वाटेत पकडून ठेवतं.

जूनमध्ये कोपरं निवळली.
अर्ध्या बाह्यांचा झगा घालून धक्क्यापर्यंत गेले,
कुणीच पाहिलं नाही.
ज्यासाठी जन्मभर तळमळले ते हेच,
तरी परत येताना थोडं चुकल्यासारखं झालं.
सामल अजून चादर झटकतो.
काही पडत नाही. तो जरा वेळ बघत राहतो.

तुरी म्हणते, गेले नाहीत ते.
जिथं डाग होता तिथंच, स्वच्छ कातडीखाली, बसून आहेत.
औषध थांबलं की उठतील.

रात्री कोपरावरून बोट फिरवते. गुळगुळीत.
खाली तुम्ही जागे,
अजून त्या नऊ वर्षांच्या मुलीचा
घसा राखत.

उद्या गुरुवार.
लोणी काढताना सुईही बाहेर काढून ठेवायला हवी,
गार टोचली की दुखतं.